सहा आठवडे

रामशास्त्री प्रभुण्यांवर कादंबरी लिहायची म्हणून मी आजवर तीनदा कोऱ्या वह्या आणल्या, आणि तिन्ही वेळा त्या वह्यांत शेवटी मुलांचे गुण मांडले गेले. दोष वह्यांचा नव्हे. शास्त्रीबोवांच्या आयुष्यातला जो प्रसंग म्हणून लेखकाला हवा, तो आधीच सगळ्यांच्या मालकीचा झाला आहे. राघोबादादा गादीवर बसले आहेत, दरबार चिडीचूप आहे, आणि एक उघडाबोडका शास्त्री त्यांच्यापुढे उभा राहून देहान्त प्रायश्चित्त सांगतो आहे. खाडिलकरांनी १९०९ साली ‘भाऊबंदकी’त हा प्रसंग रंगभूमीवर उभा केला. १९४४ साली ‘प्रभात’ने ‘रामशास्त्री’ काढला, तेव्हा गजानन जागीरदारांनी दिग्दर्शन केले आणि शास्त्रीही तेच झाले. १९६२ साली ‘स्वामी’त रणजित देसायांनी माधवराव पेशव्यांच्या शेजारी शास्त्र्यांना बसविले ते कायमचेच. एवढ्या थोरांनी लोणी काढून नेल्यावर माझ्यासारख्या कोपरीच्या मास्तराने ताक घुसळून काय मिळवायचे?

शिक्षण म्हणाल तर माझे मॅट्रिक. पुढचे जे काही आहे ते ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे देणे. ही संस्था १८९३ सालची. तिच्या कपाटांनी माझ्यासारख्या किती अर्धवटांना पोसले असेल, देव जाणे. दिवसा मी लिहितो आणि संध्याकाळी रात्रशाळेत इतिहास शिकवितो. मुले दिवसभर कारखान्यांत, दुकानांत राबून येतात. त्यांना झोप येऊ नये म्हणून मास्तराला थोडे नाटक करावेच लागते, आणि नारायणरावाच्या वधाचा धडा हे माझे हुकमी नाटक. ‘काका, मला वाचवा’ म्हणताना माझा आवाज कापतो, ‘ध चा मा’ म्हणताना मी फळ्यावर अक्षर खोडून दुसरे काढतो, आणि शेवटी शास्त्र्यांचा निर्णय सांगून पुस्तक मिटतो.

दोन वर्षांमागे पुस्तक असेच मिटल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. हा वागळे इस्टेटीत लेथवर काम करतो. बोटांतले काळे तेल कधी निघत नाही.

“सर, मग राघोबाला फाशी दिलं का?”

“नाही.”

“मग शास्त्रींनी केलं काय?”

वर्ग हसला. घंटा झाली. मीही हसलो, पण स्टेशनचा पूल ओलांडून कोपरीच्या बाजूला उतरेपर्यंत ते हसू कुठे तरी गळून पडले होते. इतकी वर्षे आपण एक निकाल शिकवितो, आणि त्याची अंमलबजावणी झाली काय, हे एकाही वर्षी सांगत नाही!

त्या मुलाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर आमच्या गावातच, रुळांच्या पलीकडे, दगडचुन्यात उभे आहे. आज ज्याला आपण ठाण्याचा तुरुंग म्हणतो तो मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास तो बांधावयास घेतला. तो पुरा होण्याआधीच १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले. पुढे सदतीस वर्षे तो आपल्याकडे होता. २८ डिसेंबर १७७४ रोजी इंग्रजांनी तो चढून जाऊन घेतला, आणि त्याबरोबर सारी साष्टी गेली. तारीख नीट पाहावी. नारायणरावाचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा. मध्ये पुरते सोळा महिनेही नाहीत. इंग्रजांचा साष्टीवर डोळा आधीपासूनच होता. त्याच कामासाठी त्यांचा वकील मॉस्टिन १७७२ सालापासून पुण्यात येऊन बसला होता. पण डोळा असणे वेगळे आणि दार उघडे सापडणे वेगळे. पुण्याच्या वाड्यात जे घडले त्याने ते दार उघडले. खाडीवरून वारा येतो तेव्हा मला हे अनेकदा आठवते: रामशास्त्र्यांनी ज्या गुन्ह्याची चौकशी केली, त्या गुन्ह्याची किंमत ज्या गावांनी मोजली त्यांत माझे गाव आहे.

आता शास्त्र्यांकडे वळतो.

गाव साताऱ्याजवळचे क्षेत्र माहुली, कृष्णा-वेण्णेच्या संगमावरचे. घरची गरिबी. वीस वर्षांचे होईतो अक्षरओळख बेताचीच, आणि साताऱ्याच्या एका सावकाराकडे चाकरी, असे सांगतात. धन्याच्या पायांवर पाणी घालताना त्याच्या कानातल्या मोत्याच्या भिकबाळीकडे पोराची नजर गेली, पाणी भलतीकडे पडले, आणि धनी म्हणाला की, भिकबाळी मिळवायची तर विद्या लागते नाही तर तलवार. पोरगा उठला तो काशीला गेला. ही आख्यायिका मला फार गोड वाटते, आणि गोड वाटते म्हणूनच मी तिच्याकडे जरा संशयाने पाहतो. मोठ्या माणसाच्या बालपणात एखादा अपमान असावा, असा आपल्या लोकांचा आग्रहच असतो. काशीला बाळंभट्ट पायगुंड्यांजवळ त्यांनी अध्ययन केले, ही परंपरा मात्र चालत आलेली आहे. १७५१ च्या सुमारास ते पुण्यास पेशव्यांच्या पदरी आले आणि १७५९ साली न्यायाधीश झाले. जागेसाठी त्यांनी अर्जविनंत्या केल्या नव्हत्या, हे ग्रँट डफने मुद्दाम नोंदविले आहे. हा डफ पुढे साताऱ्यास इंग्रजांचा रेसिडेंट होता. त्याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला, आणि शास्त्र्यांविषयी लिहिताना या गोऱ्या कप्तानाची लेखणी एकदम मऊ होते. दिवसाला पुरेल त्याहून अधिक शिधा शास्त्री घरात ठेवीत नसत, हे त्यानेच लिहून ठेवले आहे.

न्यायाधीश म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उंच आसन आणि हातोडा येतो. शास्त्र्यांचे काम तसे नव्हते. गावचा तंटा आधी पाटलाकडे, मग पंचांपुढे, मग मामलेदाराकडे, आणि तिथेही न मिटला तर पुण्याला. दोघा वाद्यांकडून ‘पंच सांगतील ते मान्य’ असा राजीनामा लिहून घ्यायचा, जामीन घ्यायचे, दोघांच्या तक्रारी उतरून घ्यायच्या, साक्षीदाराला बेलभंडार उचलायला लावून विचारायचे, जुने कागद पाहायचे, आणि मग निवाडपत्र. हरणाऱ्याने आपण खोटा ठरल्याचे येजितखत लिहून द्यायचे. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी. वतन कुणाचे, विहिरीचे पाणी कुणाच्या शेताला, दत्तक खरा की खोटा, होळीची पहिली पोळी कुणाच्या मानाची! वाचताना हसू येते. पण पोळीच्या मानावरून डोकी फुटत, आणि ती फुटू नयेत म्हणून हे सारे. या यंत्रात न्यायाधीशापाशी स्वतःची फौज नाही, शिपाई नाही. त्याच्या शब्दामागे राज्यकर्ता उभा राहील, एवढ्या एका गृहीतावर सगळे चालायचे.

म्हणून माधवरावांची ती गोष्ट मला देहान्त प्रायश्चित्ताइतकीच महत्त्वाची वाटते. शास्त्री काही कामासाठी वाड्यात गेले, तर तरुण पेशवे जपाला बसलेले. दुसऱ्या दिवशी शास्त्री काशीला जाण्याची परवानगी मागू लागले. पेशव्यांनी कारण विचारले, तेव्हा त्यांनी जे सुनावले त्याचा मथितार्थ असा: ब्राह्मण्य सांभाळायचे तर राज्य सोडा आणि माझ्याबरोबर गंगेवर चला, राज्य करायचे तर फिर्यादी दाराशी खोळंबलेले असताना डोळे मिटून बसण्याचा अधिकार तुम्हांला नाही. माधवरावांनी जप आवरला. हा मुलगा १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारला. त्याच्याबरोबर न्यायाधीशाच्या पाठीमागची भिंतही गेली.

नऊ महिन्यांनी गारदी शनिवारवाड्यात शिरले. ते दिवस गणपतीचे होते. नारायणराव अठरा वर्षांचा; तो धावत चुलत्याच्या खोलीत गेला आणि चुलत्याला मिठी मारली. सुमेरसिंग गारदी, तुळाजी पवार ही नावे महाराष्ट्र विसरलेला नाही. धन्याच्या अंगावर पडून वार झेलणारा चाफाजी टिळेकर मात्र आपण विसरलो. पाठ्यपुस्तकात त्याला ओळ मिळत नाही. माझ्या वर्गात मी त्याला एक मिनिट देतो.

दरबाराचे दृश्य बाजूला ठेवले, तर या प्रकरणात लेखकाने जिथे मुक्काम करावा ती जागा यानंतरची आहे. डफने ती एका वाक्यात उरकली: सुमारे सहा आठवडे चौकशी करून शास्त्र्यांनी राघोबांविरुद्धचा पुरावा मिळविला. सहा आठवडे! मी या दोन शब्दांपाशी कितीदा थांबलो असेन. त्या सहा आठवड्यांत पुण्यात काय होते? ज्याच्यावर संशय तोच राज्याचा धनी. साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे त्याच्या नावाने यायची होती आणि आली. ज्या गारद्यांनी खून केला, ते हत्यारांनिशी शहरात. दप्तर त्याचे, खजिना त्याचा, न्यायाधीशाचा पगार त्याच्या सहीने. कारभारी सगळे गप्प. कुणी भीतीने, कुणी ‘आता हाच पेशवा, वेगळा कुठून आणणार’ या हिशेबाने. तो हिशेब काही अगदी मूर्खपणाचा नव्हता. घराण्यातला कर्ता पुरुष तेवढाच उरला होता.

आणि या शहरात एक न्यायाधीश कोणाकोणाला बोलावून विचारतो आहे: तुम्ही त्या दिवशी दुपारी कुठे होता? चौकीवर कोण होते? दरवाजा कुणी उघडला? गारद्यांचा पगार कुणी तुंबवला होता, आणि कुणी देऊ केला? प्रश्न हेच असतील असे मी म्हणत नाही, कादंबरीकार म्हणून अंदाज करतो. पण चौकशी म्हणजे दुसरे काय असते? साक्ष द्यायला येणारा माणूस घरी परत जाताना मागे वळून पाहत असेल. शास्त्रीही पाहत असतील. निर्णय सांगायला धैर्याची एक घटका पुरते; चौकशीला ते रोज सकाळी नव्याने आणावे लागते.

इथे माझा एक कबुलीजबाब द्यायचा आहे. तो दिल्याशिवाय हा लेख मला पुढे नेता येत नाही.

पुष्कळ वर्षांमागे मी एका शाळेत होतो. नाव सांगत नाही. फीच्या पेटीतले काही पैसे कमी भरले आणि शिपायावर आळ आला. हा पन्नाशीचा गृहस्थ. मला ‘मास्तर’ म्हणायचा, पावसात माझी छत्री वाळत घालायचा. चौकशीला आम्ही तिघे जण नेमलो गेलो. आम्ही खोलीत शिरलो तेव्हा चौकशीचा कागद टेबलावर लिहून तयार होता. शिपायाला बोलावले. तो म्हणाला, “मी नाही घेतले, मास्तर.” तो माझ्याकडे पाहून म्हणाला, कारण बाकीच्या दोघांना तो फारसा ओळखत नव्हता. कुणी त्याला पुढचा प्रश्न विचारला नाही. पेटीची किल्ली आणखी कुणाकडे असते, एवढेसुद्धा मी विचारले नाही. चहा आला, आम्ही सह्या केल्या. सगळे अर्ध्या तासात आटोपले. वर्ष संपताना हिशेब तपासले गेले आणि ते पैसे भलत्याच खात्यावर मांडलेले सापडले. तोवर तो गावी निघून गेला होता. त्याला परत बोलवा असे मी तोंडी म्हणालो. लेखी काही दिले नाही.

तेव्हापासून ‘सहा आठवडे’ हे दोन शब्द मला वाचवत नाहीत, आणि सोडवतही नाहीत.

आता तो दरबार. राघोबांनी आपला वाटा अर्धाच कबूल केला: आपण पुतण्याला धरण्याचा हुकूम दिला होता, मारण्याचा नव्हे. मूळ कागद शास्त्र्यांच्या हाती लागला आणि त्यात ‘धरावे’चे ‘मारावे’ केलेले होते, असे डफ लिहितो. हे आनंदीबाईंचे काम, असा लोकसमज त्याने नोंदविला आणि तो आजतागायत चालत आला. मी इतकी वर्षे फळ्यावर ते अक्षर बदलून दाखवीत आलो. आता दाखविताना एक गोष्ट जोडतो. ‘ध’ खोडून नुसता ‘म’ काढून भागत नाही, काना द्यावा लागतो. आणि तो काना कुणाच्या लेखणीचा, हे आनंदीबाईंना कुणी न्यायासनासमोर बोलावून विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. बायकांवरचे आळ आपल्याकडे फार लवकर सिद्ध होतात. शास्त्र्यांनी राघोबांविरुद्ध केली तशी चौकशी आपण त्या बाईंची केली नाही, एवढे खरे.

राघोबांनी प्रायश्चित्त विचारले, हेही ध्यानात घ्यावे. त्यांना वाटले असेल, दाने सांगतील, अनुष्ठान सांगतील, एखादी तीर्थयात्रा. शास्त्राला विचारले तर शास्त्र सोय करून देते, हा सत्तेचा जुना अनुभव आहे. शास्त्र्यांनी सांगितले की, या पापाला स्वतःच्या प्राणावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही. आणि तुम्ही गादीवर आहात तोवर मी पुण्यात पाऊल ठेवणार नाही. मग ते वाईजवळ एका खेड्यात जाऊन राहिले. निर्णय अमलात आणायला त्यांच्यापाशी शिपाई नव्हता. पाय होते, ते त्यांनी वापरले.

इंग्लंडात १६०७ साली न्यायाधीश कोकने राजा जेम्सला सांगितले होते की, राजा कायद्याच्या खाली आहे. राजाने १६१६ साली त्याला काढून टाकले. पण कोकला जायला पार्लमेंट होते. तिथे बसून त्याने १६२८ साली हक्कांचा अर्ज राजाच्या मुलाकडून मान्य करून घेतला. आमच्या शास्त्र्याला जायला वाईचे खेडे होते. दोघांच्या धैर्यात मला डावे-उजवे करता येत नाही. कुठे जायला मिळाले, त्यात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

तरीही ‘शास्त्रींनी केलं काय’ याचे उत्तर आहे. निकाल झाला नसता तर जे कुजबुजत होते ते कुजबुजतच राहिले असते. राज्याच्या न्यायाधीशाने खुनी ठरविलेला माणूस पेशवा आहे, हे उघड झाले, आणि जे आजवर हिशेब करीत होते त्यांना दुसरा हिशेब करता आला. राघोबा स्वारीवर बाहेर पडले, तेव्हा बारभाईंनी कारभार हाती घेतला. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावाच्या विधवेला मुलगा झाला आणि तान्ह्या सवाई माधवरावाच्या नावाने पेशवाई चालू लागली. राघोबा गुजरातेत इंग्रजांच्या आश्रयाला गेले. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात त्यांनी साष्टी आणि वसई लिहून दिली. म्हणजे आमचे ठाणे इंग्रजांनी आधी घेतले आणि दादांनी मागाहून दिले. सात वर्षांच्या लढाईनंतर १७८२ साली सालबाईचा तह झाला. वसई परत आली, साष्टी आली नाही. राघोबांना महिना पंचवीस हजारांचे वेतन ठरले. ११ डिसेंबर १७८३ रोजी ते कोपरगावी वारले.

म्हणजे शिक्षा झाली नाही. पेन्शन झाले.

शास्त्री मात्र बारभाईंच्या वेळी परत आले, आणि त्यांच्या आयुष्याचा हा भाग नाटकवाल्यांनी सोडून दिला आहे. साहजिकच आहे, त्यात टाळी नाही. पुन्हा तीच वतने, तेच दत्तक, तीच बांधांची भांडणे. एवढा निकाल दिलेल्या माणसाला विहिरीच्या पाळीचा तंटा क्षुल्लक वाटला असता तर नवल नव्हते. पण त्यांच्या काळात पंचांनी दिलेले निवाडे आजही दाखला म्हणून मानतात, असे डफने लिहिले, तेव्हा शास्त्र्यांना जाऊन तीस-पस्तीस वर्षे झाली होती आणि पेशवाई बुडालेली होती. २५ ऑक्टोबर १७८९ रोजी ते वारले. त्याच्या महिनाभर आधी, २४ सप्टेंबरला, तिकडे अमेरिकेत सर्वोच्च न्यायालय उभारण्याचा कायदा झाला होता. अशा तारखा जुळल्या की मास्तर लोकांना उगाच आनंद होतो. ते न्यायालय कायद्याने उभे राहिले आणि राष्ट्राध्यक्ष बदलले तरी उभे राहिले. आमचे एका माणसावर उभे होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्या मुलाला हे सारे सांगितले; नाटक न करता सांगितले. कुणाला झोप आली नाही. त्याने शेवटी विचारले, “सर, चौकशीच्या वेळी ते घाबरले असतील का?” मी म्हणालो, असतील. त्याने ते वहीत लिहून घेतले. परीक्षेत असा प्रश्न येत नाही, हे त्याला ठाऊक होते.

चौथी वही मी आणली आहे. पहिल्या पानावर ‘सहा आठवडे’ एवढेच लिहिले आहे. पुढे लिहायला बसलो की तो शिपाई आठवतो. त्याचे गाव मला माहीत आहे. कोपरीहून स्टेशनवर जावे, कसाऱ्याची गाडी धरावी, आसनगावला उतरावे, आणि पुढे थोडे चालावे. सकाळी निघाले तर दुपारच्या आत परत येता येते. मी अजून गेलेलो नाही.